आण्णांचा जबाब

कोळप्यांच्या कातरणीला बोलावणं धाडायची रीत कधीच नव्हती. माघात मेंढरं ओढ्यावर धुतली की बातमी आपली आपण फिरायची, आणि दुसऱ्या दिवशी उन्हं वर यायच्या आत राहूपासून तळेगाव ढमढेऱ्यापर्यंतचे भाऊबंद कातरी घेऊन कारेगावात हजर व्हायचे. आज ह्यांची कातरायची, उद्या त्यांची. यंदाही बातमी फिरली होतीच. पण आली ती तीनच माणसं, आणि त्यातली एक साखरबाई.

साखरबाई म्हणजे घरधनी आण्णा कोळप्यांची थोरली बहीण, राहूला दिलेली. सत्तरी ओलांडली, कातर धरायचं त्राण उरलं नाही, पण हुकूम सोडायला हातपाय लागत नाहीत.

"बिरदेवा, मेंढी कातरतोस का तिची दाढी करतोस? सकाळधरनं तिसरी हाय फकस्त."

"आत्या, लोकर हाती येत न्हाई. चिकाट झालीया नुसती."

आण्णांचा थोरला पोरगा बिरदेव खोटं बोलत नव्हता. काल मेंढरं दोनदा धुतली होती. पहिल्या वेळी पाणी काळं गेलं, दुसऱ्या वेळी राखाडी, आणि मेंढरं होती तशीच राहिली. दर चार घावांनी कातरीची धार जात होती. गावाच्या उगवतीला कंपनीच्या वीजघराची चिमणी होती. कोळसा जाळून कंपनीपुरती वीज करायचं काम तिथं चालायचं, आणि वारं इकडचं असलं की सगळी काजळी कोळप्यांच्या रानात उतरायची. गावात तिला सरसकट कार्बन म्हणत. भाकरीवर कार्बन, धुण्यावर कार्बन, कांद्याच्या पातीवर कार्बन. हा शब्द कुठून आला ते कुणी विचारलं नाही.

काट्याकुट्यांचा मेंढरांचा वाडा पूर्वी ह्या दिवशी इतका भरलेला असे, की मध्ये पाय ठेवायला जागा नसे. आज दोन माणसं आरामात आडवी झाली असती. बिरदेवला ते बघवत नव्हतं, म्हणून तो मान खाली घालून कातरत होता.

तेवढ्यात स्कूटीवरून सारिका वकील आली. शिरूरच्या कोर्टात वकिली करायची, माहेर तळेगाव ढमढेऱ्याचं, शेवंती-झेंडूवाल्यांचं. बापाच्या शेवंतीवर काजळी धरायला लागल्यापासून तिनं ह्या धुराच्या केसमध्ये गावाच्या बाजूनं उडी घेतली होती. गाव तिला ताई म्हणायचं, तिच्या दुप्पट वयाची माणसंसुद्धा.

"आण्णा, तुमच्याशीच काम आहे," ती उभ्या उभ्याच म्हणाली. "खरं सांगा. गेल्या दोन वर्षांत किती मेंढ्या दगावल्या?"

सगळ्या कातरी थांबल्या. कुणी वर बघितलं नाही. आण्णांनी धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं आणि हसले.

"बिरोबाची कृपा हाय, ताई. वाडा भरलेला हाय. समदं बरं हाय."

सारिकानं डोळे मिटून घेतले. "हेच," ती म्हणाली. "अगदी हेच काल मुंबईच्या कोर्टात वाचून दाखवलं त्यांच्या वकिलानं."

ह्यावर कुणाला काही कळेना. मग तिनं बाजेवर बसून सांगितलं. सरकारच्या प्रदूषण मंडळानं वीजघराच्या चिमणीला मर्यादा घातली होती, एवढाच कार्बन, एवढीच राख, त्याच्यावर नाही. कंपनी त्या मर्यादेविरुद्ध कोर्टात गेली होती, हे गावाला ठाऊकच होतं. कंपनीचं म्हणणं दोन गोष्टींचं. एक, आमचं वीजघर आधीचं, नवा आकडा आम्हाला लागू नाही. दोन, तिथं कुणाला त्रासच नाही तर मर्यादा कशाला?

"पहिल्याला उत्तर आपले मुंबईचे वकील देतील. दुसऱ्यासाठी त्यांनी हा कागद काढला." तिनं पिशवीतून झेरॉक्स काढली आणि वाचली. "'मी, आण्णा धुळाबा कोळपे, वय अडुसष्ट, धंदा मेंढपाळ, राहणार वीजघराच्या कुंपणालगत, सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की, सदर धुरामुळे माझ्या मेंढरांस कोणतीही इजा झालेली नाही. माझ्या घरातील कोणाही व्यक्तीस दमा, खोकला वा इतर विकार नाही.' खाली अंगठा."

"कुणी लिवून घेतलं हे?" बिरदेव उठला. अर्धी कातरलेली मेंढी धडपडत पळाली.

सारिका घुटमळली. "साक्षीदाराची सही आहे. मल्हारी आण्णा कोळपे."

नशीब बघा कसं असतं. मल्हारी त्याच घटकेला थर्ड शिफ्ट सुटून मोटारसायकलवरून दारात उतरत होता. वीजघरात बॉयलरवर होता तो. डोक्यावर कंपनीचं पिवळं हेल्मेट तसंच.

*

मल्हारीला भावाच्या चेहऱ्यावरूनच कळलं. तीन महिने तो ह्या सकाळची वाट बघत होता असं म्हटलं तरी चालेल. झोपेत बघत होता, बॉयलरच्या काचेतून जाळ बघताना बघत होता.

"पर्मनंट झालास दिवाळीला," बिरदेव म्हणाला. "पेढं वाटलंस. त्ये ह्याचं व्हय?"

"दादा, आधी ऐकून घे."

"बापाचा अंगठा इकला तू!"

"इकला न्हाई! साहेब म्हनले, शेजारच्या लोकांचा सर्व्हे हाय. मला वाटलं, नुकसानीचं कायतरी असंल, मेंढरांचं मिळंल आण्णांना. म्हनून घरी घेऊन आलो मी. त्यांनी इचारलं आन् आण्णांनी सांगितलं. मी एक अक्षर शिकवलं न्हाई."

"आन् आण्णा सांगत व्हते तवा तू काय करत व्हतास?"

मल्हारीनं हेल्मेट काढलं. "गप बसलो," तो म्हणाला.

खरं तर एवढ्यावर त्याचं सगळं सांगून झालं. त्याला ठाऊक होतं की बाप परक्यापुढं असंच बोलणार. धनगराच्या पोराला हे शिकवावं लागत नाही. परक्यानं कळपाचं विचारलं की बरं हाय म्हणायचं, मेलेल्याची गणती तोंडातून काढायची नाही. काढली की बिरोबाची नजर फिरते, उरलेला कळपही मरतो. त्या कंपनीच्या साहेबाला हे कसं कळावं? त्यानं ऐकलं ते लिहिलं. पण मल्हारीला कळत होतं. "साहेब, ही नुसती बोलायची रीत हाय आमची," एवढंच सांगायचं होतं. जीभ उचलली नाही. त्या आठवड्यात त्याचं नाव कायम करायच्या यादीत होतं.

बिरदेव अंगावर धावून गेला, तशी त्याची बायको चांगुणा मध्ये पडली.

"हात लावायचा न्हाई भावजींना! आपली प्रगती शिरूरला नर्सिंग शिकतीया ती कुणाच्या पगारावर? तुमच्या लोकरीवर? घोंगडीवाल्या सनगरानं गेल्या साली लोकर परत धाडली, काळी म्हनून. तवापास्नं घर कोन वडतंय?"

बिरदेव जागच्या जागी थबकला. हे खरं होतं, आणि चारचौघांत ऐकायला फार कडू होतं.

"वैनी, राहू द्या," मल्हारी पुटपुटला.

"का राहू द्या? मेंढरं काय, आज हायती, उद्या—" चांगुणा बोलता बोलता थांबली. तिनं सारिकाकडं बघितलं. "ताई, त्या कागदात शेवटी काय म्हनला तुम्ही? घरातलं?"

सारिकानं परत वाचलं. कोणाही व्यक्तीस दमा, खोकला वा इतर विकार नाही.

चांगुणाचा चेहरा उतरत गेला. सासूचं तोंड पुसायची फडकी रोज पहाटे तीच धूत होती, कुणाला दिसू नयेत म्हणून वाड्यामागं वाळत घालत होती. तिनं वळून दिराकडं बघितलं.

"भावजी, ह्यावर सही केली तुम्ही? आत्याबाई आत पडलेल्या, तुमची आय, आन् तुम्ही ह्यावर सही केली?"

 मल्हारीच्या बाजूनं बोलणारं जे एक माणूस होतं तेही गेलं. तो मोटारसायकलच्या टाकीवर हात ठेवून उभा राहिला आणि त्याला रडू आलं. तिशीतला बाप्या माणूस, पण आलं.

*

"माझ्या पोराला कुणी बोलायचं न्हाई," आण्णा म्हणाले. आवाज चढवून नाही, साधा. "त्यो काय करंल? जबाब माझा हाय. मी बोललो त्ये मी बोललो."

सारिका त्यांच्यापुढं उकिडवी बसली. "आण्णा, सोमवारी परत तारीख आहे. मर्यादेला स्थगिती मिळाली तर त्यांनी बांधून ठेवलेली दुसरी चिमणी पाडव्याला पेटणार. उद्या शिरूरला येऊन नवा जबाब द्या. सांगा, आधी बोललो ती आमच्यातली रीत होती, खरं हे आहे. तुमचाच जबाब तुम्हीच खोडायला हवा, दुसऱ्या कुणाचा चालणार नाही. आणि आधीच्या साक्षीदाराचीही सही लागेल."

"म्हंजी माझी नोकरी," मल्हारी म्हणाला. कुणी त्याच्याकडं बघितलं नाही.

"न्हाई जमायचं, ताई," आण्णा म्हणाले.

"का न्हाई?" बिरदेव ओरडला. "रीत, रीत! आरं, रीत पाळून काय ऱ्हायलंय वाड्यात?"

तेव्हा साखरबाईंनी काठी जमिनीवर आपटली. "बिरदेवा, तोंड सांभाळ. तू व्हतास का बहात्तरला?"

मग त्यांनी सांगितलं. पोरांनी शंभरदा ऐकलेलं, पण सारिकानं ऐकलं नव्हतं. बहात्तरच्या दुष्काळात त्यांचा बाप, धुळाबा, भीमेच्या काठानं दौंडच्या अंगाला वाडा घेऊन पडला होता. सरकारचा माणूस आला, वही काढली, म्हणाला, म्हाताऱ्या, किती मेली सांग, मदत मिळंल. दोन दिवस धुळाबा बोलला नाही. तिसऱ्या दिवशी पोरांच्या पोटाकडं बघून बोलला. एकवीस, म्हणाला.

"आठव्या दिशी वाड्यात एक मेंढरू उभं नव्हतं," साखरबाई म्हणाल्या. "माझ्या डोळ्यांनी बघितलंया. बा तिथंच बसून ऱ्हायला, आन् म्हनला, म्या माझ्या तोंडानं मारली. मरस्तवर हेच म्हनत व्हता."

"आत्या, दुष्काळानं मेली ती. चारा नव्हता."

"असंल. तू शिकलेला हायेस, तुला ठावं."

आण्णा बहिणीकडं बघत नव्हते. त्यांची नजर खोलीच्या दारावर होती, आणि त्यांच्या मनात मेंढरांचा विषय नव्हताच. मेंढरांचं एक वेळ ते बोलले असते. पण गेल्या महिन्यात शिरूरच्या डॉक्टरनं त्यांना एकट्याला आत घेऊन, दिव्यावर फोटो धरून, एक गोष्ट सांगितली होती. ती त्यांनी पोरांना सांगितली नव्हती, बहिणीला नव्हती, जिची होती तिलाही नव्हती. ती जोवर तोंडातून निघत नाही तोवर ती खरी नाही, अशा हट्टानं ते जगत होते. तुम्ही त्याला अडाणीपणा म्हणा. बेचाळीस वर्षांच्या संसाराला धरून ठेवायला त्या माणसाजवळ दुसरं काही नव्हतं.

"बरं," ते एकदम म्हणाले. "मेंढरांचं सांगतो. किती गेली, कवा गेली, समदं सांगतो. आक्का, माफ कर मला. पर तेवढंच. घरातलं काय बी लिवायचं न्हाई."

बिरदेवनं सुटकेचा श्वास टाकला. सारिकानं मात्र मान हलवली.

"आण्णा, मेंढरांचं खोडलं आणि माणसांचं तसंच ठेवलं, तर ते म्हणणार, बघा, माणसांना काही नाही हे दोनदा कबूल केलं. कोर्ट माणसांचंच आधी बघतं. घरात कुणी आजारी आहे का, एवढं खरं—"

"न्हाई!" आण्णा ताडकन उठले. "माझ्या घरात कुनी आजारी न्हाई! समदी धडधाकट हायती! चला, मेंढरं धरा, ऊन चढलं!"

कुणी हललं नाही. आतून खोकल्याचा एक आवाज आला आणि लगेच दाबला गेला.

*

भामाबाई पत्र्याच्या खोलीत वाकळेवर पडल्या पडल्या सगळं ऐकत होत्या. कानांना काही झालं नव्हतं, दुखणं छातीत होतं.

त्यांना दिवाळीची ती दुपार आठवत होती. साहेब बाहेर बाजेवर, आण्णा खाली, मल्हारी उभा. घरात कुणाला खोकला? न्हाई, समदी धडधाकट. आणि आत त्यांच्या घशात खोकल्याची उबळ आली होती. त्यांनी पदराचा बोळा तोंडात कोंबला. डोळ्यांतून पाणी आलं, छाती फुटते का काय वाटलं, पण आवाज होऊ दिला नाही. धन्याचा शब्द चारचौघांत खोटा पडू नये म्हणून. म्हणजे त्या जबाबावर अंगठा आण्णांचा होता, सही मल्हारीची होती, आणि तिसरी साक्ष त्यांची स्वतःची होती. हे कुणाला ठाऊक नव्हतं.

त्या भिंतीला धरून उठल्या. दारापर्यंत यायला बराच वेळ लागला. चांगुणा धावली, पण त्यांनी तिचा हात बाजूला केला.

"वन्सं," त्या साखरबाईंना म्हणाल्या, "मामंजींनी एकवीस सांगितली त्ये मला म्हाईत हाय. पर समजा ते बोलले नसते. तर वाडा वाचला असता का?"

साखरबाईंनी वाड्याकडं बघितलं. म्हणाल्या, "मला काय ठावं, भामे. चारा तर नव्हता."

"चारा नव्हता," भामाबाई म्हणाल्या. मग त्या आण्णांकडं वळल्या. "अवं, बसा खाली. मी दिसती का न्हाई तुम्हाला?"

"तू आत जा. वारं हाय."

"वारं हाय म्हनूनच आले. उद्या शिरूरला चला. मीबी येते."

"भामे, तुला कळत न्हाई."

"मला कळत न्हाई व्हय? खोकला माझा, छाती माझी, आन् आजारी कुनी न्हाई! मग मी काय हाय ह्या घरात? भाड्यानं ऱ्हाते?" एवढं बोलून त्यांना धाप लागली. दम घेऊन त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "पाडव्याला दुसरी चिमनी लागंल. चांगुणीचं फुफ्फुस हाय, प्रगतीचं हाय. तुम्ही माझ्यासाठी तोंड मिटून बसलाय, त्ये मला कळतंय. मला नगं तसलं."

आण्णा बसले नाहीत, उभेही धड राहिले नाहीत. त्यांनी वाड्याच्या काटेरी कुंपणाला हात घातला आणि काटा तळव्यात शिरला तरी काढला नाही.

साखरबाईंनी काठी टेकत उठून भावाच्या पाठीवर हात ठेवला. "आण्णा," त्या म्हणाल्या, "जा. बाचं पाप माझ्यावर घालून जा. मी सांगितलं म्हनून बोललो, म्हन बिरोबाला."

*

शिरूरला शुक्रवारी त्यांना जीपनं नेलं. भामाबाई पुढं ड्रायव्हरशेजारी, आण्णा, बिरदेव आणि चांगुणा मागं. मल्हारी मोटारसायकलवरून मागोमाग आला. त्यानं आज हेल्मेट घातलं नव्हतं. येताना भावाशी बोलला नाही, पण चहाच्या टपरीवर बिरदेवनं न विचारता त्याच्या हातात कप दिला आणि त्यानं तो घेतला.

कोर्टाच्या आवारात सारिकाच्या ओळखीचे एक वयस्क नोटरी होते. एका खोलीत दोन टेबलं, एक टाइपरायटर, भिंतीला बाकडं. सारिकानं आधीच ठरवलं होतं, ह्या वेळी तयार कागद नाही. आण्णा बोलतील तो शब्द टाइप होईल, म्हणजे पुन्हा कुणी म्हणायला नको की म्हाताऱ्याला कळलं नाही.

"बोला आजोबा," नोटरी म्हणाले. "खरं तेच सांगा."

आण्णांनी मेंढरांपासून सुरुवात केली. आधी शब्द येईना. मग आला, आणि मग थांबेना. धुळवडीच्या आधी चार गेली, पाठोपाठ. आषाढात सहा. कानाला तांबूस ठिपका असलेली, तिला दोन कोकरं होती, तीही गेली. एडका गेला तो पोळ्याला. ते बोटांच्या पेरांवर मोजत होते, आणि टाइपरायटर त्यांच्या मागं पळत होता. सदतीस झाली. बिरदेव भिंतीकडं तोंड करून उभा होता. त्यालाही आकडा ठाऊक होता, पण बापाच्या तोंडून तो पहिल्यांदा ऐकत होता, आणि तीन पिढ्यांचा वाडा आपल्या हयातीत मोडला, हे त्याला त्या आकड्यानं कळलं.

"मागच्या वेळी हे का सांगितलं नाही?"

"आमच्यात सांगत न्हाईत, सायब."

"बरं. आता घरातलं. कुणी आजारी आहे?"

टाइपरायटर थांबला. आण्णांनी तोंड उघडलं, मिटलं. त्यांनी सारिकाकडं बघितलं, मग बाकड्यावर चांगुणेला टेकून बसलेल्या बायकोकडं.

"सायब, हिला जरा भायेर बसवू का? उन्हाला."

"मी हितंच बसनार," भामाबाई म्हणाल्या.

"भामे, जा की."

"तुम्ही बोला."

आण्णा खुर्चीवरून उठले. नोटरी म्हणाले बसा, पण ते उभेच राहिले. देवापुढं उभं राहावं तसे, हात जोडलेले.

"माझी बायको," ते म्हणाले. "भामाबाई नाव हाय. तिला दोन वर्सं खोकला हाय. रगत पडतं. तिच्या छातीत..." ते थांबले. टाइपिस्टनं बोटं उचलून धरली. "डाक्टरनं मला येकट्याला सांगितलं. मी कुनाला सांगितलं न्हाई. त्यो म्हनला, दोन्ही बाजू निकामी झाल्यात. त्यो म्हनला, ही पावसाळा बघायची न्हाई."

कुणीतरी 'आय' म्हणालं, ते मल्हारी होता का बिरदेव ते कळलं नाही. चांगुणेनं सासूचा खांदा घट्ट धरला. सारिका खिडकीबाहेर बघायला लागली. तिला एवढं ठाऊक नव्हतं. तिनं फक्त खोकला ऐकला होता.

आण्णा बायकोकडं बघायला धजेनात. शपथेवर खरं सांगून झालं होतं, आणि आता ते मागं घेता येणार नव्हतं. ते पोरासारखे रडत होते, नाक पुसायचंही भान नव्हतं.

 भामाबाईंनी हातातल्या बांगड्या मागं सारल्या, परत पुढं आणल्या.

"लिवलं का त्यांनी?" त्यांनी विचारलं.

"लिहिलं, आजी," नोटरी म्हणाले. 

टाइपिस्टनं कागद काढून टेबलावर ठेवला, तसा मल्हारी पुढं आला. कुणी सांगायच्या आत त्यानं टेबलावरचं पेन उचललं आणि साक्षीदाराच्या ओळीवर सही केली. सही नेहमीपेक्षा मोठी आली. मग तो आईच्या पायांशी खाली बसला, आणि तिनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

"ताई," भामाबाई सारिकाला म्हणाल्या, "निकाल कवा लागंल?"

सारिकाला खोटं बोलायचं होतं. पण ह्या खोलीत, आत्ता, ते तिला जमेना. "सोमवारी फक्त स्थगितीचं ठरेल. निकाल... लवकर म्हटलं तरी दिवाळी."

"दिवाळी," भामाबाई म्हणाल्या. महिने सगळ्यांनीच मनात मोजले, आणि कुणीच मोजले नाहीत असं दाखवलं.

"लागू द्या," त्या म्हणाल्या, आणि नवऱ्याकडं बघून मान हलवली. "अवं, रडू नगा आता. अंगठा द्या."